काचेतला फ्रॉक

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ताई,

बुधवारी तुला टाकलेल्या पत्रात एक चूक आहे. मी लिहिलं होतं की साहेबांचं घर, म्हणजे आताचं त्यांच्या लेखनाचं संग्रहालय, दाखवायला मी पाचवीचा वर्ग घेऊन गेले, आई मदतीला आली होती, आणि आम्ही सगळे पुढच्या दाराने आत गेलो. सगळे गेलो नाही. मी आणि मुलं पुढच्या दाराने गेलो. आई मागच्या दाराने गेली.

एवढ्यासाठी दुसरं पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण पुढचं सगळं त्या दारामुळे झालं. पहिलं पत्र लिहिताना मला ते माहीत नव्हतं. तुला चुकीचं काही कळलेलं राहू नये, म्हणून पहिल्यापासून लिहिते. मावशीने तुझा पत्ता दिला तो हजारदा बजावून दिलाय की तुला त्रास द्यायचा नाही. हा त्रास आहे की नाही ते तूच ठरव.

शाळेचा नियम आहे, वर्ग बाहेर न्यायचा तर शिक्षिकेबरोबर आणखी एक बाई हवी. बाकीच्या शिक्षिकांना वेळ नव्हता. मी आईला विचारलं, तर ती आदल्या संध्याकाळपासून साडीला इस्त्री करत बसली. "साहेबांच्या घरी जायचंय," शेजारणीला दोनदा सांगून झालं. मी म्हटलं, आई, साहेब आता नाहीत. तर म्हणते, "नसू देत. घर तर आहे!"

फाटकाशी मी तिकिटं घेत होते, मुलांच्या जोड्या लावत होते. वळून बघते तर आई नाही. मला वाटलं सावलीत बसली असेल. ती सवयीने घराला वळसा घालून मागे गेली होती. पायरीवर चपला काढल्या, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकवून. तिथे सफाईवाली होती. तिला वाटलं नवीन बाई कामाला आली. तिने आईच्या हातात फडकं दिलं. आणि आईने घेतलं! मी नंतर विचारलं, का घेतलंस? तर म्हणाली, "दिलं म्हणून घेतलं. हात काय देवळात ठेवून आले होते?"

हातात फडकं असलेल्या बाईला कुणी अडवत नाही. आई स्वयंपाकघरातून सरळ आपल्या खोलीत गेली, तिथे कामाला असताना आपण राहायचो त्याच.

ताई, आपल्या खोलीत आता एक काचेचं कपाट आहे. वर एक छोटा दिवा. आई गेली तेव्हा कपाटात तुझा फ्रॉक होता, पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लाकडी हँगरवर. खिशावर शाईचा डाग. खाली पाटी आहे. मी ती वहीत उतरवून आणली आहे, शब्द न बदलता: "प्रसिद्ध कथेतील लवंगीने चोरलेले पेन लपवताना ज्यावर शाई सांडली, तो हा फ्रॉक." बाजूला तुझा फोटो. तू गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून पायरीवर बसली आहेस आणि कुणावर तरी चिडली आहेस.

मी हे बघितलं तेव्हा पाटी होती, फोटो होता, हँगर होता. फ्रॉक नव्हता. माहिती सांगणाऱ्या तरुणाची तारांबळ उडाली. "दुरुस्तीला गेला असेल," तो म्हणाला. माझ्याच वर्गातला एक मुलगा ओरडला, "बाई, चोर मुलगी येऊन घेऊन गेली!" सगळा वर्ग हसला. मी त्यांना गप्प केलं. मुलांना हसण्याबद्दल रागवायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना काय माहीत?

काल संध्याकाळी शाळेतून आले तर न्हाणीघरात बादली, आणि बादलीत फ्रॉक.

"आई, हे काय आहे?"

"काय म्हणजे? तुझ्या ताईचा फ्रॉक."

"तो तू आणलास?"

"मग काय तिथेच ठेवू? काचेत टांगलाय, वर दिवा सोडलाय, कपाटाला कुलूप नाही, आणि एवढा मोठा डाग! एकालाही धुवायची अक्कल नाही. येणारा जाणारा वाकून वाकून बघतो. काय म्हणत असतील, पोरीला आई नव्हती का?"

"आई, ते म्युझियम आहे. तिथल्या वस्तू तशाच ठेवतात."

"ठेवोत. मळकं ते मळकंच."

"न विचारता आणलास तू."

"अगं, धुऊन, इस्त्री करून परत नेऊन टांगणार आहे! मी काय ठेवून घेणार आहे? माझ्या अंगात येतोय होय?"

लिंबू आणि मीठ लावून तिने एवढं घासलंय की डाग आता गडद निळा राहिलेला नाही. फिका झालाय, पण पसरलाय. गेलेला नाही.

मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायचं कशाबद्दल तेच कळेना. आई आजही तुझं नाव घेत नाही, "तुझी ताई" म्हणते, जशी काही तू फक्त माझीच कुणी लागतेस. आणि तोच फ्रॉक ती बादलीवर वाकून पंख्यासारखे हात चालवत धुते आहे.

आता माझा प्रश्न. फ्रॉक कुणाचा? माझ्या मते तुझा. तर त्याचं काय करायचं हे तू सांग. मी परस्पर काही करणार नाही.

धाकटी


बुधवार, १७ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. पत्र हरवलं असेल अशी स्वतःची समजूत घालून मी पोस्टात विचारून आले. ती समजूतही गेली. पत्र पोहोचलं आहे.

संग्रहालयात कॅमेरे आहेत. त्यांनी शाळेला फोन केला. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. मी अजून परिवीक्षाधीन आहे, वर्षअखेरीला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, हे त्यांनी मला पुन्हा सांगितलं. जसं काही मी विसरत असेन. आपल्या घरात पगाराच्या चिठ्ठीवर नाव छापून येणारी मी पहिली. ती चिठ्ठी आई कपाटात साडीच्या घडीत ठेवते.

काल मी एकटी संग्रहालयात गेले. आईला सांगितलं नाही. व्यवस्थापक होते आणि साहेबांची मुलगी होती. हो, बेबी. केस पांढरे झालेत, पण आपल्या घरात ती बेबीच. बोलायला गोड आहे. तिने स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. असं कुणी केलं की माझं अर्धं भांडण तिथेच संपतं.

व्यवस्थापक म्हणाले, "हे बघा मॅडम, आम्हाला काही वाढवायचं नाही. वस्तू परत करा, सोबत माफीचं पत्र द्या, विषय संपला."

"सर, तो फ्रॉक माझ्या बहिणीचा आहे."

"तो संग्रहाचा आहे."

"तिला कुणी विचारलं होतं?"

"कुणाला?"

"बहिणीला. पाटीवर तुम्ही लिहिलंय की तिने पेन चोरलं."

"तुमच्या बहिणीने असं कुठे लिहिलंय? लवंगीने असं लिहिलंय. लवंगी हे पात्र आहे. कल्पित."

"मग फ्रॉक कुणाचा? पात्राचा?"

ते चष्मा पुसायला लागले. "तुम्ही भाषा शिकवता ना? कथा ही कथा म्हणून वाचायची असते, हे खरं तर तुम्ही आम्हाला सांगायचं."

"मी मुलांना सांगतेच. पण कथा कल्पित असेल तर तिच्यातला फ्रॉक काचेत कसा? आणि फ्रॉक खरा असेल, तर चोरी झाली नव्हती असं पाटीवर लिहा."

"चोरी झाली नव्हती, याला आधार?"

ताई, आधार माझ्याकडे नव्हता. घरात तुला सगळे लवंगीच म्हणायचे, तिखट म्हणून, आणि साहेबांनी तेच नाव उचललं, एवढं मला ठाऊक आहे. पण तू पेन घेतलं होतंस की नाही हे मला माहीत नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. तू घेतलं नसणार असं मी धरून चालत आले, आणि धरून चालणं म्हणजे माहीत असणं नव्हे. खोटं बोलले असते तर कदाचित जिंकले असते. जमलं नाही.

मग बेबी अगदी मायेने म्हणाली, "आणि खरं सांगू का, तो फ्रॉक मुळात माझा. मला लहान झाला म्हणून आईने तुमच्याकडे दिला. मग बाबांना कथा सुचली तेव्हा त्यांनी तुझ्या आईकडून तो मागून घेतला, आठवण म्हणून. तिने हसत दिला. म्हणजे बघ, फिरून आमच्याकडेच आला की नाही?" मग विचारलं, "कशी आहे तुझी आई? तिच्या हातचा चहा अजून आठवतो."

मी म्हटलं, बरी आहे. दुसरं काय म्हणणार!

माफीचं पत्र त्यांनी आधीच टाइप करून ठेवलं होतं. "माझी आई अशिक्षित असल्यामुळे तिच्या हातून..." अशी सुरुवात. खाली आईच्या अंगठ्यासाठी चौकोन, आणि त्याखाली माझ्या सहीसाठी रेघ. "शिकलेली मुलगी म्हणून तुम्ही जबाबदारी घ्या," व्यवस्थापक म्हणाले. महिनाअखेरपर्यंत मुदत. नाहीतर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत शाळेला.

आई सही करू शकते. मी सातवीत असताना तिला शिकवली. वेडीवाकडी आहे, पण सही आहे. तो अंगठ्याचा चौकोन बघून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझं म्हणणं पटतं गं मला. पण तत्त्व कायम झाल्यावर काढावं. आत्ता सही कर."

पुढच्या महिन्यात तीच कथा, पाचवीच्या पुस्तकातला धडा म्हणून, मला शिकवायची आहे. आणि तू तिकडे गप्प. सगळे आपापल्या जागी बरोबर बसलेत आणि मी मधे उभी आहे. मला तुझा राग येतो आहे, हे लिहायला नको होतं, पण न लिहिणं खोटं झालं असतं.

धाकटी


रविवार, २१ सप्टेंबर

ताई,

माझ्यावर चिडून का होईना, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आईला सगळं कळलं. मला लपवता येत नाही, तुला माहीतच आहे. फ्रॉक मुळात बेबीचा होता, हे मी सांगितलं आणि आई कणीक मळता मळता थांबली.

"बेबीचा? बाही लोंबत होती त्याची! ती मी लावली, शिवण मी घातली. दिलेली वस्तू परत मोजतात होय ही माणसं? आणि असं लिहिलंय तरी काय त्या पाटीवर, की एवढं रामायण झालं?"

मी तिच्याकडे बघत राहिले. "आई, तुला माहीत नाही?"

"काय? साहेबांनी तुझ्या ताईवर गोष्ट लिहिली, पुस्तकात आली, शाळेत शिकवतात. माहीत नसायला काय झालं?"

"गोष्टीत काय आहे ते?"

"मला कोण वाचून दाखवणार होतं?"

ताई, मी हा धडा पाचवीत वर्गापुढे उभी राहून वाचला आहे. तू तो रोज शाळेत ऐकलास. शेजारपाजारच्या मुलांना पाठ आहे. आपल्या घरात तो कुणी मोठ्याने वाचलाच नाही. मी धरून चाललेच होते की आईला माहीत आहे. तू तर त्याच समजुतीवर घर सोडून गेलीस.

पाठ्यपुस्तक माझ्या पिशवीत होतंच. दुपारी, भाजी निवडता निवडता, मी तिला वाचून दाखवलं.

सुरुवातीला ती खूश होती. मोलकरीण बादली आपटते ते आलं तेव्हा म्हणाली, "ही मी. बघ, बरोबर लिहिलंय, आपटायचेच मी." मुलगी साहेबांच्या टेबलाभोवती घुटमळते, तिथे हसली. "घुटमळायचीच. हाकललं तरी जायची नाही." मग पेन नाहीसं होतं. घरभर शोधाशोध. आईचे हात मंदावले. मग मुलगी खिशावर हात दाबून दाराआड उभी, बोटांतून शाई झिरपते आहे. आणि साहेब मोठ्या मनाने तिला माफ करतात, पेन तिलाच देऊन टाकतात, आणि मोलकरीण त्यांच्या पाया पडते.

मी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, "खिशाचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"तो खिसा मी शिवलाय," आई म्हणाली. "बेबीच्या फ्रॉकला खिसाच नव्हता. साहेब मला म्हणाले, हिच्या फ्रॉकला खिसा लाव, माझं पेन हातात धरून पळते, कुठेतरी पाडेल. शाई तीच भरून आणायची ना त्यांना. रोज सकाळी. दुसऱ्या कुणी भरलेली चालायची नाही. एकदा टोपण नीट लागलं नाही, फ्रॉक भरला. साहेब केवढे हसले होते त्या दिवशी! मी पण हसले."

बादलीतल्या फ्रॉकचा खिसा मी नीट बघितला नव्हता. आता बघितला. पिवळा आहे, पण वेगळा पिवळा, आणि टाके आईचे, माझ्या दप्तराला असायचे तसे जवळजवळ आणि जाड. तुला हे सगळं आठवत असेलच. मला नव्हतं माहीत. आता मी व्यवस्थापकांना आधार दाखवू शकते, पण तो दाखवताना आनंद होईल असं वाटत नाही.

आईने विचारलं, "हे सगळ्यांनी वाचलंय?"

"हो."

"तू पण?"

"हो."

"आणि ती?"

"तिला चोर म्हणायचे, आई. ती तुला येऊन सांगायची ना?"

"सांगायची. मी म्हणायचे पोरं चिडवतात, लक्ष देऊ नको." मग म्हणाली, "साहेबांच्या सत्काराच्या दिवशी त्यांनी तिला स्टेजवर बोलावलं. हीच ती माझी लवंगी, म्हणाले. केवढे लोक! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने मी वाजवल्या."

मला तो दिवस आठवतो. मी आईच्या मांडीवर होते आणि तिच्या टाळ्यांचे हादरे मला बसत होते. तू स्टेजवरून आमच्याकडे बघत होतीस. मला वाटलं तू माझ्याकडे बघून हसत का नाहीस.

"मला वाटलं शेफारली," आई म्हणाली. "पुस्तकात नाव आलं, आता भांडी घासणारी आई कशाला हवी. म्हणून गेली. एवढी वर्षं मी तेच म्हणत आले सगळ्यांना."

ती रडली वगैरे नाही. तुला आई माहीत आहे. निवडलेली भाजी तिने उचलली आणि न निवडलेल्या देठांत टाकली, सगळी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसली.

आता तुला वाटेल ती लगेच माझ्या बाजूने उभी राहिली. छे! संध्याकाळी माझ्यापुढे इस्त्री केलेला फ्रॉक आणून ठेवला. "हे घे. नेऊन दे. अंगठा पाहिजे तर अंगठा देते."

"तू सही करतेस, आई. आणि माफी कशाची?"

"कशाची का असेना! एकीचं नाव घालवलं मी. दुसरीची नोकरी घालवू?"

"पण ते खोटं आहे!"

"तुला शिकवलं ते हेच ऐकायला का? शिकलीस तर जरा शहाणी हो ना."

भांडलो. मी पुष्कळ बोलले, त्यातलं काही बोलायला नको होतं. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "मग तिलाच विचार."

तिलाच. तुझ्या ताईला नाही म्हणाली. तुझं नाव अजून नाही आलं तोंडातून, पण हे मी तुझ्यापर्यंत पोहोचवणं माझं काम आहे असं मला वाटतं.

म्हणून विचारते आहे. या वेळी तिच्या वतीनेही.

धाकटी


शनिवार, २७ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. "फ्रॉकची काय ती विल्हेवाट लावा. मला यात ओढू नका. आईला सगळं माहीत होतं."

मी पाकिटावरचा शिक्का बघितला. तू हे टाकलंस तेव्हा माझं रविवारचं पत्र तुला मिळालेलं नव्हतं. त्यामुळे शेवटची ओळ मी धरत नाही. तुझी अजून तीच ओळ असेल तर पुन्हा लिही, मग धरीन. आईला मी पहिल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. तिसरी वाचली नाही. हे बरोबर केलं की नाही मला माहीत नाही. ती म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे का गं तिचं?" तिला अक्षर वाचता येत नाही, पण तुझं ओळखू येतं म्हणे. कागद उलटसुलट करून बघितला आणि उशीखाली ठेवला. म्हणजे तिसरी ओळ आता तिच्या उशीखाली आहे.

पहिल्या दोन ओळींबद्दल बोलते. तू म्हणतेस विल्हेवाट लावा. मी दोन दिवस विचार केला. मला ती लावता येत नाही. मी तो परत दिला तर तो काचेत जाईल, आता तर "पुसण्याचा प्रयत्न झालेला डाग" अशी नवी पाटी लावतील, त्या व्यवस्थापकांचा काय भरवसा. मी जाळला तर तुझी वस्तू मी जाळली असं होईल. घरात ठेवला तर आई रोज काढून बघेल. आणि तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे एकदा ठरलं की ठरलं. साहेबांनी विचारलं नाही, आईने विचारलं नाही, बेबीने नाही, संग्रहालयाने नाही. मीही विचारलं नाही तर माझ्या शिकण्याचा उपयोग काय? पाटी वाचता येते एवढाच?

म्हणून फ्रॉक सोबतच्या पार्सलात आहे. तुला ओढते आहे असं म्हण हवं तर. तुला तो फाडायचा असेल तर फाड, पण तू फाड.

इस्त्री आईने केली आहे. खिसा होता तसा आहे. पार्सल बांधताना ती बाजूला उभी होती. मी म्हटलं, काही लिहू का तुझ्याकडून? तर म्हणाली, "लिही की डाग पुरता निघाला नाही. लिंबं कमी पडली." मी पेन धरून थांबले. वाटलं पुढे काही सांगेल. तर म्हणते, "थांबलीस काय, एवढंच." मग दोरीची गाठ मला नीट मारता येईना, तर माझ्या हातून ओढून घेतली आणि स्वतः मारली. कात्रीशिवाय सुटणार नाही. कात्री घे.

मोठ्या बाईंना कालच सांगून टाकलं की मी माफीवर सही करणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या जागी येणाऱ्यांची रांग लागलीय बाहेर," म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत आहे. खरंच माहीत आहे. मी शूर नाही, ताई. शूर असते तर पहिल्याच दिवशी त्या खोलीत, वर्गासमोर, बोलले असते. मग त्यांनी विचारलं, "आणि धडा? तो शिकवशील ना?" मी म्हटलं, शिकवीन. गोष्ट म्हणूनच शिकवीन. फक्त खिसा कुणी शिवला तेही सांगीन.

पोस्टातला माणूस म्हणाला, पार्सल सोमवारी तुझ्याकडे पोहोचेल. मी त्याला दोनदा विचारून घेतलं, कारण संग्रहालय सोमवारी बंद असतं. म्हणजे मी जाईन तोपर्यंत फ्रॉक तुझ्या घरात असेल, आणि "फ्रॉक कुठे आहे?" या प्रश्नाला "जिचा आहे तिच्याकडे" हे माझं उत्तर त्या क्षणी अगदी खरं असेल. पाटी उतरवा, तिचा फोटो उतरवा, एवढं मी मागणार आहे. तक्रार करायची तर माझ्या नावाने करा, असंही सांगणार आहे. पण तिथे आईने मला तोंडघशी पाडायचं ठरवलंय. म्हणते, "उचलला मी, आणि नाव तुझं? मी येणार. माझं मी सांगीन. आणि सही करायची वेळ आलीच तर सही करीन, अंगठा नाही."

मी म्हटलं, ये, पण एका अटीवर. माझ्याबरोबर पुढच्या दाराने.

तिला ते फारसं पसंत नाही. "पुढे चपला कुठे काढतात?" विचारते. मी म्हटलं, काढायच्या नाहीत, आई, तिथे सगळे घालूनच आत जातात. तिचा विश्वास बसत नाही. काल दिवसभर विचारत होती, आज सकाळीही विचारलं. आत्ता हे पत्र मिटायच्या आधी पुन्हा दारात येऊन उभी आहे, या वेळी चपलांचं विचारत नाही. विचारते, कधी जायचं.

मंगळवारी, तीस सप्टेंबरला. दार उघडतं तेव्हा.